रोज मरे त्याला कोण रडे?

मोगरा_डोंबिवली (मंगळवार, रात्री ९.४२)

बऱ्याच वर्षांची वाचनमात्र सभासद आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, चूकभूल द्यावीघ्यावी.

आज सकाळी ७.५२ ची लोकल कोपर सोडून जरा पुढे गेली आणि थांबली. लेडीज डब्यात आमचा ग्रुप ठरलेला, मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत होतो. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग दारातली एक म्हणाली, "रनओव्हर आहे." म्हणजे कोणीतरी गाडीखाली आलं. डब्यातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घड्याळाकडे बघितलं, मीसुद्धा. माझा या महिन्यातला तिसरा लेटमार्क, म्हणजे अर्धा दिवस कापणार. खरं सांगायचं तर मनात पहिलं वाक्य आलं ते असं: "आजच व्हायचं होतं का याला?"

मग गाडी रांगत निघाली. मी खिडकीत. खडीवर एक चप्पल होती आणि थोडं पुढे स्टीलचा डबा, झाकण उडालेलं. आतला फोडणीचा भात खडीवर सांडला होता, हळद चांगली पिवळीधमक. रात्रीचा उरलेला असणार. आमच्याकडेही काल उरला होता आणि माझ्या डब्यातही तोच होता.

दुपारी एक वाजता मी तो भात खाल्ला. वर लोणचं मागून घेतलं. संध्याकाळी घरी येऊन डबा घासताना हातातल्या झाकणाकडे बघून एकदम लक्षात आलं की अख्ख्या दिवसात तो माणूस मला आठवलाच नव्हता.

२००३ साली नोकरीला लागले तेव्हा ठाण्याच्या फलाटावर चादर टाकलेलं स्ट्रेचर बघून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. तेव्हाची मी कुठे गेली? तुमचं होतं का असं? की माझ्यातच काहीतरी मेलंय?

कांदेपोहे (मंगळवार, रात्री ९.५८)

+१. मी रोज अंबरनाथवरून. "तांत्रिक कारणामुळे" अशी घोषणा झाली की मी मोबाईलमध्ये पुढची गाडी शोधतो. कारण काय, हे शेवटचं कधी विचारलं ते आठवत नाही.

चौथीसीट (मंगळवार, रात्री १०.०५)

ताई, याला बधिरपणा नाही म्हणत, योगसाधना म्हणतात. दुःखाने खचत नाही, सुखाने हुरळत नाही तो स्थितप्रज्ञ. मध्य रेल्वेचा पासधारक पाच वर्षांत त्या पायरीला पोचतो. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर टेकणारा तर थेट जीवन्मुक्त, अर्धा देह आधीच हवेत असतो :)

खवचट_आजोबा (मंगळवार, रात्री १०.३१)

चौथीसीट, विनोद ठीक. पण स्थितप्रज्ञाला कळतं आणि तरी तो ढळत नाही. आपल्याला कळतच नाही म्हणून आपण ढळत नाही. दगडही ढळत नाही, त्याची कोणी आरती करत नाही.

मोगराताई, तुम्ही धागा काढलात यातच आलं. काही मेलं असतं तर झोपला असता निवांत.

हिशेबी (मंगळवार, रात्री ११.१५)

आजोबांचं उत्तर गुळगुळीत आहे. "मला वाईट वाटत नाही याचं मला वाईट वाटतं" म्हणजे पुन्हा स्वतःबद्दलच वाटणं झालं की. मेलेल्या माणसाचा त्यात काय फायदा?

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांच्या वर माणसं मरतात. रूळ ओलांडताना, दारातून पडून, खांबाला आपटून. रोजची पाच-सहा झाली. प्रत्येकासाठी हुंदका द्यायचा तर नोकरी सोडावी लागेल. वाटण्याने गाड्या वाढत नाहीत. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपरला एका मुलीचे दोन्ही हात फलाट आणि डब्यामधल्या पोकळीत गेले. त्यानंतर फलाटांची उंची वाढवायच्या कामाने वेग घेतला तो हायकोर्टाच्या दट्ट्यामुळे, कोणाच्या हळहळीमुळे नाही.

शुश्रूषा_के (बुधवार, पहाटे ४.२०)

नाइट ड्युटीवर आहे. आता जरा शांत आहे म्हणून लिहिते.

मी एकोणीस वर्षं अपघात विभागात परिचारिका आहे. गाव सांगत नाही. मोगरा, तुम्हाला जे वाटतंय ते आमच्याकडे पहिल्या सहा महिन्यांत उरकतं. माझी पहिली केस ट्रॅक्टर उलटलेल्या पोराची होती. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले आणि बाहेर आले तेव्हा सिस्टर इनचार्ज म्हणाल्या, "झालं? आता हात धुऊन ये, दुसरा आलाय." तेव्हा त्या मला राक्षसीण वाटल्या. आज मी नव्या मुलींना हेच वाक्य सांगते.

नातेवाईक ओरडतात, "तुम्हाला काहीच वाटत नाही का?" बाबा रे, माझा हात थरथरला तर तुझ्या बापाची शीर सापडणार नाही. कुदळ मारणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, तसे आम्हाला आत पडतात. घट्टे पडले नाहीत तर हाताला फोड येतात आणि काम थांबतं. त्यामुळे घट्ट्यांना नावं ठेवू नका.

एक मात्र कबूल करते. मागच्या वर्षी एका बाईला मी विचारलं, "चौदा नंबरचं कोण?" तिचा नवरा अर्ध्या तासापूर्वी गेला होता. ती म्हणाली, "त्यांना नाव आहे." मग तिने नाव सांगितलं. आता माझ्या ते लक्षात नाही.

बेल वाजली, जाते.

भाषाभ्रमर (बुधवार, सकाळी ८.१०)

धागा गंभीर आहे हे मान्य, पण राहवत नाही. या एका दुखण्यासाठी मराठीने किती शब्द राखून ठेवलेत बघा.

ज्याला बोलणी खायची सवय झाली तो कोडगा. त्याला आधी लाज होती, झिजून गेली. निगरगट्टाला ती मुळातच कमी. निर्ढावलेला पहिल्या चोरीला घाबरला होता, दहाव्या वेळी शीळ घालत गेला. मुर्दाड म्हणजे सगळं समजूनही ढिम्म न हलणारा. मख्ख तो ज्याचा चेहरा बघून आत काही पोचलं की नाही याचा पत्ता लागत नाही. आणि निबर म्हणजे वेळेवर न तोडलेली भेंडी. मोगराताईंना यातला एकही शब्द लागत नाही. त्यांना लागतो तो 'सरावलेली'. त्यात दोष नाही, फक्त दिवस मोजलेले आहेत.

आगाऊ_कार्टं (बुधवार, सकाळी ८.२२)

आमच्या साहेबांना यातले एका वेळी किती लावता येतील?

भाषाभ्रमर (बुधवार, सकाळी ८.२५)

भेंडी सोडून सगळे.

आगाऊ_कार्टं (बुधवार, सकाळी ८.२६)

भेंडी तर पहिली लागते.

अभ्यासू_मुंगळा (बुधवार, सकाळी ११.०३)

यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. १९६४ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा रात्री रस्त्यात खून झाला. ३८ शेजारी खिडकीतून बघत राहिले आणि एकानेही पोलिसांना फोन केला नाही. मोठ्या शहरात राहिलं की माणुसकी मरते याचा हा पुरावाच.

घारापुरी (बुधवार, सकाळी ११.४०)

मुंगळा, अर्धी गोष्ट सांगितलीत. तो ३८ चा आकडा फुगवलेला होता हे ज्या वर्तमानपत्राने तो छापला त्यानेच पुढे मान्य केलं. बहुतेकांना पूर्ण प्रकार दिसलाच नव्हता, काहींना ते नवरा-बायकोचं भांडण वाटलं. आणि एक शेजारीण खाली धावत गेली, शेवटपर्यंत तिला मांडीवर धरून बसली होती. ती बाई कथेतून गाळली गेली, कारण तिच्यामुळे कथा बिघडत होती.

त्या बातमीतून पुढे जे प्रयोग झाले ते मात्र खरेच मोलाचे. डार्ली आणि लाताने यांनी १९६८ मध्ये एका खोलीत माणसं फॉर्म भरायला बसवली आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. माणूस एकटा होता तेव्हा शंभरातले पंचाहत्तर उठून सांगायला गेले. सोबत दोन सांगून ठेवलेले मख्ख लोक बसवले (भाषाभ्रमर, शब्द बरोबर वापरला ना?) तेव्हा शंभरातले दहा. बाकीचे धूर हाताने बाजूला सारत फॉर्म भरत राहिले. माणसं तीच, आतली माणुसकी तीच. फक्त शेजारचा शांत आहे म्हणजे काही नसेल, असं प्रत्येकाला वाटलं.

मोगराताई, तुमच्या डब्यात सगळ्यांनी एकाच वेळी घड्याळ बघितलं म्हणालात. तो धूरच होता.

अभ्यासू_मुंगळा (बुधवार, सकाळी ११.४४)

घारापुरी, दंडवत. आमच्या कॉलेजात अजून ३८ च शिकवतात. मी पण तेच शिकवत होतो :(

सह्याद्री_रायडर (बुधवार, दुपारी १.१७)

धूर वगैरे ठीक आहे, पण लोक थांबत नाहीत ते बधिर म्हणून नाही, पोलिसांच्या भीतीने. १९९८ मध्ये खोपोलीजवळ एका जखमीला आमच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. रात्रभर बसवून ठेवलं, वर "तुम्हीच ठोकलं असणार" म्हणून दम. नंतर चार वर्षांत दोनदा साक्षीला हेलपाटे. मोठ्या भावाने त्यानंतर आयुष्यात कोणासाठी गाडी थांबवली नाही. त्याला निगरगट्ट म्हणा हवं तर.

आता तसं नाही, हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. २०१६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांसाठीचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. जखमीला दवाखान्यात पोचवून तुम्ही निघून जाऊ शकता. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. मी हे कलम छापून गाडीच्या डिकीत ठेवलंय. मागच्या पावसाळ्यात एकदा कामाला आलं, हवालदारानेच वाचून फोटो काढून घेतला.

वऱ्हाडी_ठेचा (बुधवार, दुपारी ३.५०)

तुम्ही सारे लोकलच्या गोष्टी करून राहिले. आमच्या इकडं पेपर उघडा. शेतकरी गेला तर पयले पान एकवर यायचं, मंग आतल्या पानावर, आता तालुक्याच्या पुरवणीत चार ओळी. "कर्जाला कंटाळून" हे शब्द तर वाटते छापून तयारच ठेवले असन.

१९ मार्च १९८६. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे. बायको आन् चार लेकरांसह गेले, पवनारजवळ दत्तपूरला. तवा महाराष्ट्र हादरला होता. त्याच्यानंतर इतके गेले की हादरायचंच बंद झालं. २०१७ पासून दर १९ मार्चले लोकं एक दिवस जेवत नाहीत. मी पण नाही जेवत. हिशेबी साहेब म्हणतीन, तुमच्या उपाशी राहण्यानं कोणाचं कर्ज फिटलं? नाही फिटलं. पण दुपारी चार वाजता पोटात कालवते ना, तवा त्या दिवशी तरी ते आठवते. बाकी ३६४ दिवस मी पण तुमच्यासारखाच आहो.

हिशेबी (बुधवार, दुपारी ४.०५)

ठेचा, मी असं म्हणणार नव्हतो. खरंच.

संपादक मंडळ (बुधवार, सायंकाळी ५.००)

धाग्यात आत्महत्येचे उल्लेख येत आहेत. तपशील टाळावेत ही विनंती. कुणाला मन मोकळं करायची गरज वाटत असेल तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

योकोहामाची_काकू (बुधवार, सायंकाळी ५.४५)

इकडे जपानात रेल्वेच्या घोषणेत एक शब्द असतो, 'जिन्शिन जिको'. अर्थ माणसाला अपघात. पहिल्या वर्षी मला भाषा येत नव्हती. सगळे पटापट फोनकडे वळले की मीही वळायचे, इतकंच. वर्षभराने शब्दाचा अर्थ कळला आणि आठवून आठवून मोजायला लागले, आपण किती वेळा हे ऐकून फक्त उशीर होणार म्हणून वैतागलो होतो. गंमत म्हणजे स्टेशनवर उशिराचा दाखला मिळतो, ऑफिसात तो दाखवला की लेटमार्क माफ. मोगरा, तुझ्या त्या अर्ध्या दिवसावरून आठवलं.

आगाऊ_कार्टं (बुधवार, सायंकाळी ५.५१)

असा दाखला मध्य रेल्वेने द्यायचा ठरवला तर झाडं उरायची नाहीत.

गार्डाची_लेक (बुधवार, रात्री ९.१२)

आयडीत गार्ड आहे पण खरं तर बाबा गार्ड नव्हते, मोटरमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

तुम्ही सगळे डब्यात बसलेले. पुढे काचेमागे एक माणूस असतो, त्याला समोरून दिसतं. ब्रेक लावला तरी गाडी लगेच थांबत नाही, तेवढ्या वेळात तो भोंगा वाजवत राहतो आणि बघत राहतो. दुसरं काही करता येत नाही.

लहानपणी आम्हाला ते कधी सांगायचे नाहीत. पण कळायचं. त्या रात्री बाबा बाहेरच्या नळावर अंघोळ करायचे, थंड पाण्याने, डिसेंबर असला तरी. आई न बोलता पिठलं टाकायची कारण दुसरं काही त्यांच्या घशाखाली उतरायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन ड्युटीवर. शेजारपाजारच्यांना त्यांना 'थंड माणूस' म्हणताना आम्ही ऐकलंय. लग्नात नाचले नाहीत, आजी गेली तेव्हा रडले नाहीत.

आता ते ब्याऐंशीचे आहेत. टीव्हीवर मालिकेत कोणी आजारी पडलं तरी डोळे पुसतात. साठवलेलं बाहेर येतंय की काय, देव जाणे.

चौथीसीट (बुधवार, रात्री ९.३०)

वर मी जो विनोद मारला तो मागे घेता येतो का?

खवचट_आजोबा (बुधवार, रात्री ९.३४)

राहू दे. पिठल्याआधी एखादा विनोद चालतो.

निवृत्त_नाना (गुरुवार, सकाळी ६.१५)

सकाळी फिरून आलो आणि पूर्ण धागा वाचला. शुश्रूषाताईंच्या घट्ट्यांवर लिहायचं म्हणून बसलो आहे. लांबेल, पण वाचा.

मी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. चंद्रपूर, गडचिरोली भागात नोकरी झाली, बरीचशी सायकलवर. आमचं काम म्हणजे बधिरपणा शोधणं. अक्षरशः. अंगावर फिकट चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला सांगायचं आणि पेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करायचा. "लागलं तिथं बोट ठेव." चांगल्या कातडीवर तो बरोबर बोट ठेवतो. चट्ट्यावर स्पर्श केला की वाट बघत बसतो. डोळे मिटलेले, बोट हवेत, चेहऱ्यावर आज्ञाधारक हसू. आपण चार वेळा पेन टेकवलेलं असतं आणि तो म्हणतो, "साहेब, लावा की."

लोकांना वाटतं या रोगाने बोटं झडतात. तसं नसतं. जंतू मज्जातंतू खातात, वेदना जाते. पुढचा नाश वेदना नसल्यामुळे होतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी तेच दाखवून दिलं. काटा रुततो, कळत नाही. विडी बोटापर्यंत जळते, कळत नाही. जखमेवरच माणूस मैलभर चालतो, कारण लंगडायचं कशाला? दुखतच नाही.

१९८४-८५ ची गोष्ट असेल. एका घरी गेलो. म्हातारा चुलीपाशी बसला होता, मला चहा द्यायचा म्हणून त्याने उकळतं भगुणं हाताने उचललं. फडकं न घेता. घरात जळल्याचा वास पसरला. त्याने भगुणं खाली ठेवलं, इकडेतिकडे बघितलं आणि सुनेला ओरडून विचारलं, "काय जळून राहिलं वं?"

चाळीस वर्षं झाली. ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आता घट्टे. शुश्रूषाताई, तुम्ही म्हणता ते निरोगी हाताचं खरं आहे. घट्टा आतल्या मऊ कातडीला वाचवतो. पण बधिर पायाचा घट्टा हा आमचा सगळ्यात मोठा वैरी. वरून टणक, छान दिसतो. चालताना तोच खड्यासारखा आत दाबत राहतो आणि त्याच्याच खाली जखम तयार होते. वरून काही दिसत नाही. एक दिवस फुटतो तेव्हा खाली हाडापर्यंत पोचलेलं असतं. म्हणून आम्ही रोग्याला शिकवायचो: रोज वीस मिनिटं पाय पाण्यात भिजव, घट्टा खरवडून पातळ कर, तेल लाव. आणि रात्री दिव्याखाली तळवा उलटा करून बघ. पाय सांगणार नाही, डोळ्यांनी विचारावं लागेल.

यात भावनेचा काही संबंध नव्हता हो. त्या म्हाताऱ्याला पुढे औषधं मिळाली, रोग बरा झाला. पण गेलेली वेदना परत आली नाही, मेलेली नस सहसा परत येत नाही. तरी तो पंधरा वर्षं रोज रात्री कंदील घेऊन तळवे बघायचा. हात-पाय शाबूत ठेवून गेला.

वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या संस्थेत आमचं जाणंयेणं असे. बाबांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: पावसात गटाराकडेला पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम पाहून ते आधी भीतीने पळाले होते. मग परत गेले. कनवाळू माणूस म्हणून गेले असं आपण समजतो. मला वाटतं पळालो याचा राग आला म्हणून गेले. १९४९ ची महारोगी सेवा समिती त्यातून उभी राहिली.

हिशेबी, तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. वाटलंच पाहिजे असं नाही. बघितलं पाहिजे.

शुश्रूषा_के (गुरुवार, सकाळी ७.४०)

नाना, ड्युटी संपवून बसमध्ये वाचलं. घट्ट्याखालच्या जखमेबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

त्या चौदा नंबरचं नाव रजिस्टरमध्ये असेल.

हिशेबी (गुरुवार, सकाळी १०.२०)

'बघितलं पाहिजे' मान्य. मग नुसतं बघून थांबू नका, हे माझं टुमणं चालूच राहणार. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारातले लोक खाली पडले, तेव्हा कुठे नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवायची घोषणा झाली. दारात लटकणारे आपण रोज बघतच होतो ना? ते वळणही कालचं नाही.

घारापुरी (गुरुवार, सकाळी १०.३२)

हिशेबी, एक प्रश्न. कोर्टाचा दट्ट्या म्हणालात. तो दट्ट्या कशाने आला? आधी कोणालातरी ती बातमी वाचून स्वस्थ बसवलं नसेल, तेव्हाच ना?

हिशेबी (गुरुवार, सकाळी १०.४०)

बरं. एक गुण तुम्हाला.

कोकणी_माणूस (गुरुवार, दुपारी १२.१५)

आमच्या वाडीत कोणी गेलं की अख्खी वाडी कामं टाकून जाते, पटो न पटो. रडणाऱ्यांत निम्मे मनातून गवताचा हिशेब करत असतात. पण लाकडं फोडायला हात असतात. शहरात तुम्ही आधी वाटायची वाट बघता आणि मग जायचं की नाही ठरवता. आमच्याकडे उलटं आहे. (आमच्याकडे सख्खे भाऊ बांधावरून बारा वर्षं बोलत नाहीत हेही खरं. लगेच गाव चांगलं म्हणून टाळ्या नकोत.)

मोगरा_डोंबिवली (पुढचा बुधवार, रात्री १०.०८)

सगळ्यांचे आभार. आठवडाभर उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं कळत नव्हतं. त्या माणसाबद्दल मला अजूनही फार काही वाटत नाहीये, खोटं कशाला सांगू. वर्तमानपत्रात शोधलं, दोन ओळीही नव्हत्या.

पण नानांचा प्रतिसाद वाचल्यानंतर शुक्रवारी डब्यात बसले आणि एक गोष्ट दिसली. आमच्या ग्रुपात खिडकीसमोर बसणारी एक आहे, ठाकुर्लीहून येणारी, मटार सोलण्यात सगळ्यांत चपळ. ती नव्हती. विचारलं तर एकीने सांगितलं, "सोमवारपासून नाहीये." म्हणजे त्या दिवशी, मंगळवारीही नव्हती. पाच दिवस तिच्या जागेवर मी पिशवी ठेवत होते.

सहा वर्षं रोज सव्वा तास गुडघ्याला गुडघा लावून बसतो. तिच्या मुलाचे दहावीचे मार्क मला माहीत, तिच्या जावेचे दागिने माहीत. फोन नंबर माझ्याकडे नव्हता. कोणाकडेच नव्हता. आडनावही माहीत नव्हतं, 'खिडकीवाली' एवढंच. डब्यातल्या सातजणींना विचारलं. शेवटी भिशीवालीच्या वहीत नंबर सापडला.

फोन केला. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आलाय, ती हॉस्पिटलात आहे. आधी तिला आवाज ओळखूच येईना. "कोण? कुठली?" मी म्हटलं, "७.५२." मग ती रडायला लागली. मी काहीच बोलले नाही. मला रडू आलं नाही, हेही सांगते. रविवारी डबा घेऊन गेले, पोळ्या आणि मुगाची उसळ. तिथे वॉर्डात नावाची पाटी बघून तिचं आडनाव कळलं.

लेटमार्कचा अर्धा दिवस कापला गेला आहे.

निवृत्त_नाना (पुढचा बुधवार, रात्री १०.३०)

सासूबाईंची कूस दर दोन तासांनी बदलायला सांगा त्यांना. टाच आणि माकडहाड रोज बघायचं. अर्धांगाच्या बाजूला दुखलं तरी कळत नाही.

शुश्रूषा_के (पुढचा बुधवार, रात्री ११.०२)

नाना बरोबर सांगतायत. एअर गादी भाड्याने मिळते, विकत घेऊ नका. मोगरा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

योकोहामाची_काकू (गुरुवार, सकाळी ५.१०)

अवांतर: फोडणीच्या भातात तुम्ही कांदा घालता का? इथे परवा केला, नवरा म्हणाला यात कांदा नसतो.

खवचट_आजोबा (गुरुवार, सकाळी ६.४४)

असतो. नवऱ्याला सांगा, आजोबा म्हणाले.

कांदेपोहे (गुरुवार, सकाळी ८.०७)

आजही गाडी कोपर-दिव्याच्या मध्ये वीस मिनिटं उभी आहे. लोक वैतागलेत.

मोगरा_डोंबिवली (गुरुवार, सकाळी ८.०९)

मी तुझ्या पुढच्याच गाडीत असणार. काय झालंय, विचारलंस का?

कांदेपोहे (गुरुवार, सकाळी ८.१०)

थांब, दारात जातो.

कांदेपोहे (गुरुवार, सकाळी ८.१६)

सिग्नल गेलाय म्हणे. बाकी काही नाही.